मालक, तुमच्या ताडपत्रीचे पैसे मी भरले

मालक,

पत्राच्या सुरुवातीला क्षेमकुशल विचारायची आपल्याकडे रीत आहे. ती मी मोडतो आहे. तुमचे सगळे क्षेम आहे हे मला रोज नगर रस्त्यावर दिसते. तुमचे डंपर भरून जातात, रिकामे येतात, पुन्हा भरून जातात. कुशल नाही ते त्यांच्या मागून येणाऱ्यांचे, आणि त्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचे आहे.

तुमचे नाव मला माहीत नाही. ते कोणाला माहीत होऊ नये याची तजवीज तुम्हीच केलेली आहे. डंपरच्या मागच्या नंबरप्लेटवर वाळलेल्या चिखलाचा असा थर होता की 'एमएच १२' पलीकडे एक अक्षर वाचता आले नाही. त्याच फाळक्यावर पिवळ्या रंगात '५० फूट अंतर ठेवा' असे ठळक लिहिलेले मात्र दुरून वाचता येत होते. मला उपदेश करणारी अक्षरे पुसून लख्ख आणि तुमची ओळख सांगणारी अक्षरे चिखलात. इतकी नेमकी घाण आपोआप बसत नाही, मालक.

डंपर लोणीकंदच्या बाजूने वाघोलीकडे येत होता. हौद्यात पाऊण इंची खडी, तीही काठाच्या वर शीग लागेल अशी भरलेली. ताडपत्री नव्हती असे मी म्हणणार नाही. ताडपत्री होती. केबिनच्या मागे गुंडाळून, दोरीने नीट बांधून ठेवलेली होती. तुम्ही ती विकत घेतली आहे, गाडीवर चढवली आहे, तपासणीला कोणी थांबवले तर दाखवायची तयारी ठेवली आहे. फक्त खडीवर घातलेली नाही. मागचे चाक खड्ड्यात आदळले, ढिगाच्या माथ्यावरचे चार-दोन दगड घरंगळले, फाळक्यावरून खाली आले, त्यातला एक डांबरावर आपटून उसळला आणि माझ्या पुढच्या काचेवर बसला.

तुमच्या पाटीचा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ५० फूट अंतर एका सेकंदाच्या आत तोडते. त्या सेकंदात उडालेला दगड बघायचा, ओळखायचा, आरशात मागचा दुचाकीवाला बघायचा आणि गाडी बाजूला घ्यायची, हे तुमच्या पाटीला अपेक्षित आहे. शिवाय दगड फक्त मागच्यालाच लागतो असे नाही. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर तुम्ही ६० ने जात असाल आणि समोरचा ६० ने येत असेल, तर तुमच्या हौद्यातून उडालेली खडी त्याच्या काचेवर १२० च्या वेगाने बसते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे उभ्या गाडीवर बसणाऱ्या त्याच खडीच्या चौपट. त्याने कोणते अंतर ठेवायचे? त्याच्याकडे तोंड करून तर तुम्ही काहीच लिहिलेले नाही.

आणि दगड कोणता? आपल्या सह्याद्रीचा, लाव्हा थिजून झालेला काळा बेसाल्ट. काचेच्या तोडीस तोड कठीण. नदीतला गोटा घासून घासून गुळगुळीत झालेला असतो, क्रशरमधून निघालेल्या खडीच्या कडा ताज्या फुटलेल्या असतात. अशी एक कड काचेत तांदळाच्या दाण्याएवढा खळगा पाडते. काच आत आली नाही, माझ्या डोळ्यांत गेली नाही, याचे श्रेय एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे. १९०३ मध्ये त्याच्या हातून चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आतून सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर बसलेला होता. त्यावरून त्याने दोन काचांमध्ये थर धरणारी काच बनवली आणि १९०९ मध्ये तिचे पेटंट घेतले. आज त्या थराच्या जागी पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाचे प्लास्टिक असते. दगड बाहेरची काच फोडतो, मधला थर धक्का पितो, आतली काच शाबूत राहते. शंभर वर्षांहून अधिक काळ माणसे या काचेवर डोके खपवत आली, म्हणून मी आज हे पत्र लिहू शकतो. तुम्ही ताडपत्रीची एक दोरी सोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी काचवाल्याकडे गेलो. त्याने भिंगातून पाहिले. मधोमध तो खळगा, त्याभोवती चांदणीसारखे फुटलेले बारीक पाय, त्यातला एक काठाच्या काळ्या पट्टीच्या दिशेने गेलेला. अशा खळग्यात रेझिन भरतात, वर अतिनील दिवा धरून ते कडक करतात आणि काच वाचते. पण खळगा रुपयाच्या नाण्याहून मोठा नको, काठाजवळ नको, आणि चालकाच्या डोळ्यांसमोर तर नकोच, कारण रेझिन भरले तरी डाग राहतो आणि रात्री समोरच्या दिव्यात तो चमकतो. माझा दगड ड्रायव्हरच्याच बाजूला, काठापासून चार बोटांवर बसला होता. "भरून देतो म्हणलं तर पैसे मिळतील मला, पण तडा थांबणार नाही," असे त्याने सरळ सांगितले. धंदा करून खरे बोलणारी माणसे या रस्त्यावर आहेत, मालक. तुमच्यापासून फार लांब त्याचे दुकान नाही.

माझ्या गाडीच्या काचेला वरच्या बाजूला कॅमेरा आहे, त्यामुळे तशीच काच मागवावी लागणार होती. ती येईपर्यंत तडा कसा चालतो ते मी रोज पाहिले. एप्रिलचे ऊन. गाडी सावलीत लावली तरी काच हाताला चटका देते. आत बसून एसी सुरू केला की आतली बाजू थंड होऊन आकसायला बघते, बाहेरची तापून पसरलेली असते, आणि हा सगळा ताण जाऊन बसतो तड्याच्या टोकाला. एक बारीक 'टिक्' ऐकू येते. तडा बोटभर पुढे गेलेला असतो. गतिरोधकावरून गाडी गेली, टिक्. दार जरा जोरात लागले, टिक्. अवकाळीची सर आली तेव्हा पाणी तड्यात शिरले. ओलाव्याने काचेचा तडा आणखी सोपेपणाने वाढतो. वायपर त्या खळग्यावर अडकून दर फेरीला खरखरत होता. शेवटी तडा वाकडातिकडा होत स्टिअरिंगच्या समोरून पार मधल्या आरशाखाली पोचला.

दिवसा हे सहन होते. रात्री समोरून दिवे आले की तडा अख्खा पेटतो. डांबरापासून आरशापर्यंत एक पांढरी रेघ उभी राहते आणि तिच्या मागे पायी चालणारा माणूस दिसत नाही. खराडी बायपासच्या चौकात एकदा मी डोके एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला करत रस्ता पाहत होतो, तेव्हा शेजारून तुमच्याच धंद्यातला एक डंपर गेला. उघडा. त्यानंतर मी अंधार पडल्यावर ती गाडी बाहेर काढली नाही. संध्याकाळी आईला दवाखान्यात न्यायचे ते रिक्षाने नेले. ते भाडेही तुमच्याच खात्यावर मांडले आहे.

आता विम्याचे. तुम्ही म्हणाल, विमा असतो की, कंपनी देते. तुमच्यासारखे सगळेच असे म्हणतात, म्हणून हा हिशोब नीट वाचा. काचेवर घसारा धरत नाहीत, हे खरे. पण प्रत्येक दाव्यात सक्तीची वजावट असते, १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला २०००. तेही चालले असते. खरा फटका 'नो क्लेम बोनस'चा. सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्याला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. वेगळे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर काचेचा एक दावा केला की ती सूट शून्यावर येते. त्या भागाचा हप्ता ८००० असेल तर पुढच्या वर्षी ४००० जास्त भरायचे, त्यापुढच्या वर्षी २० टक्क्यांवरून पुन्हा चढायला लागायचे, मग २५, मग ३५, मग ४५. वर्षानुवर्षे सांभाळून गाडी चालवल्याचे जे बक्षीस मला मिळत होते, ते तुमच्या एका खडीने काढून घेतले असते. मी दावा केला नाही. काचेचे पूर्ण पैसे खिशातून भरले.

काच बसवताना मी तिथेच उभा होतो आणि तुम्हीही असायला हवे होते. पुढची काच रबरात अडकवलेली असते असा अजून पुष्कळांचा समज आहे. आजच्या गाड्यांत ती पॉलियुरेथेनच्या डिंकाने पत्र्याला चिकटवलेली असते. कारागिरांनी आधी वायपर काढले, त्याखालची प्लास्टिकची जाळी काढली, डॅशबोर्डवर जुनी चादर अंथरली. मग एक पातळ पोलादी तार डिंकातून आत ओवली. एक जण आत बसला, एक बाहेर, दोघांनी तारेची दोन टोके धरून करवतीसारखी मागेपुढे ओढत सगळा काठ कापला. काच सुटली तेव्हा काचेची भुकटी चादरीवर, सीटच्या शिवणीत, पायाखालच्या मॅटवर सांडली. जुना डिंक पात्याने तासताना पत्र्यावर ओरखडा पडला तर तिथे गंज धरतो, आणि गंजावर डिंक टिकत नाही. म्हणून प्रत्येक ओरखड्यावर कुंचल्याने काळा प्रायमर. मग नव्या डिंकाची उभी, टोकदार वळी चारही बाजूंनी एकसलग, मध्ये कुठेही न तुटता. दोन बाजूंनी सक्शनचे हात लावून काच उचलली, एका दमात ठेवली, तळव्यांनी दाबली, वर टेप लावला.

एवढी काळजी कशासाठी, तेही त्याच कारागिराने सांगितले. उलटलेल्या गाडीचे छप्पर तोलून धरण्यात या काचेचा हात असतो. डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना पुष्कळ गाड्यांत याच काचेवर टेकून प्रवाशाकडे वळते. डिंक कच्चा असताना अपघात झाला तर काच निघून जाईल आणि एअरबॅग तिच्यामागून बाहेर. म्हणून गाडी लगेच नेऊ दिली नाही. नेली तेव्हा, खिडकी थोडी उघडी ठेवा, दार आपटू नका, आतली हवा काचेला ढकलते, लगेच धुऊ नका, अशा सूचना दिल्या. मग कॅमेरा. काच बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो, नाही तर आपोआप लागणारा ब्रेक भलत्याच जागी रस्ता पाहतो. त्याचे बिल वेगळे.

आणि काचेवर माझ्या गाडीची ओळख चिकटवलेली होती, ती जुन्या काचेबरोबर गेली. फास्टॅग उपटला की निकामी होतो. तो नवा येईपर्यंत टोलनाक्यावर जादा टोल भरायचा. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना डाव्या कोपऱ्यात आतून जो होलोग्रामचा नोंदणी स्टिकर असतो, तो तर काढायला गेले की फाटावा असाच बनवलेला आहे. तोही पुन्हा घ्यायचा. ज्याचा नंबर चिखलाखाली वाचता येत नाही, त्याच्या खडीमुळे मला माझ्या नंबराचा पुरावा नव्याने मिळवत फिरावे लागले. याची चीड मला काचेच्या बिलापेक्षा जास्त आहे.

तुमच्या चालकाला मी दोष देत नाही. हे पत्र त्याला लिहिलेले नाही. काच बदलायच्या त्या काळात मी केसनंद फाट्याजवळच्या टपरीवर चहाला थांबलो होतो, शेजारी दुसऱ्या एका डंपरचा चालक होता. ताडपत्री का टाकत नाही, असे मी विचारले. चिडेल असे वाटले होते. तो चिडला नाही. म्हणाला, "ताडपत्री ओढायला दोघं लागतात, साहेब. मालकानं क्लीनर काढला. आता खडीवर मी एकटा चढू, का खेप पोचवू? पैसे खेपेवर आहेत." त्याच्या उजव्या हाताच्या दोन नखांखाली रक्त साकळून काळे झाले होते. फाळक्याच्या खटक्यात बोटे सापडली, असे म्हणाला. त्या खटक्याची दुरुस्तीही मालकाकडे बरेच दिवस पडून होती. खटका नीट बसत नाही, म्हणून फाळक्याच्या फटीतून बारीक खडी सारखी गळते.

म्हणजे हे असे आहे, मालक. क्लीनरचा पगार तुम्ही वाचवला. ताडपत्री टाकायला लागणारा वेळ वाचवला, म्हणजे दिवसाकाठी एखादी खेप जास्त. खटक्याचा खर्च वाचवला. हौदा काठाच्या वर भरून ब्रासमागे आणखी काही मिळवले. यातला एकही रुपया हवेत विरलेला नाही. तो काचवाल्याच्या बिलावर आहे, माझ्या सहीनिशी. ज्यांच्या काचा फुटल्या त्या प्रत्येकाने तुमच्या क्लीनरच्या पगारातला थोडा थोडा वाटा उचलला आहे, आणि तुमचा क्लीनर मात्र बेकार आहे.

माझ्यापुढे निदान काच होती. माझी मुलगी याच रस्त्याने स्कूटरवरून कॉलेजला जाते. तिच्यापुढे हेल्मेटची पातळ पट्टी, आणि उन्हाळ्यात ती पट्टी वर केलेली. ती तुमच्या डंपरला ओलांडून जाऊ शकत नाही, मागे राहिली तर खडी, बाजूला गेली तर तुमच्याच गाड्यांतून सांडलेली खडी वळणावर पसरलेली. त्या पसरलेल्या खडीवर ब्रेक दाबला की दुचाकी उभी राहत नाही, आडवी होते. वाघोलीतल्या ऑर्थोपेडिकच्या दारात कधी बसून पाहा. मनगटाला प्लास्टर घालून येणाऱ्या मुलांना विचारा कशावरून घसरली. काचेसाठी मी पत्र लिहिले नसते, पैसे भरून गप्प बसलो असतो. मुलगी घरी येईपर्यंत मी दारात उभा असतो, म्हणून लिहितो आहे.

कायद्याचे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, म्हणजे माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भार नेल्यास २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. त्या कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवू देणाराही येतो, तो तुम्ही. हवेतले धूलिकण मर्यादेबाहेर गेलेल्या शहरांसाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०१८ मध्ये नियम काढले, त्यांत बांधकामाचे साहित्य नेणाऱ्या उघड्या वाहनांना मनाई आहे. मुंबईच्या हवेची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही अशी वाहने पूर्ण झाकलेली असली पाहिजेत असे बजावले. आणि तुमच्या डंपरच्या सक्तीच्या विम्यात तिसऱ्या माणसाच्या मालमत्तेच्या नुकसानीची तरतूद असते, साडेसात लाखांपर्यंत. तीतून माझी काच सहज भरून निघाली असती. त्यासाठी मला हवा होता फक्त तुमचा नंबर.

म्हणून गाडीत पुढे कॅमेरा बसवून घेतला आहे, रात्रीही नंबर टिपणारा. आमच्या सोसायटीतल्या आणखी काही जणांनी बसवले आहेत. चिखल लावलेल्या प्लेटचे चित्रणही आम्ही आरटीओकडे आणि वाहतूक शाखेकडे तारीख-वेळेसह देणार आहोत, कारण नंबर झाकणे हाही गुन्हाच आहे.

तुमच्याकडून काय हवे ते थोडके आहे. खडी हौद्याच्या काठाच्या खाली राहू द्या. फाळक्याचा खटका या आठवड्यात दुरुस्त करा. चालकाच्या बोटांसाठी करा, आमच्यासाठी नको. नंबरप्लेट धुवा. जोडटायरमध्ये अडकलेले दगड खाणीतून निघताना काढायला लावा. क्लीनरला परत बोलवा. ते जमणार नसेल तर केबिनमधून बटणावर पसरणारी ताडपत्री मिळते, ती बसवा. आणि ताडपत्री टाकायला जेवढा वेळ जातो, तेवढ्याचे चालकाचे पैसे कापू नका.

काचेचे, कॅमेरा जुळवण्याचे आणि फास्टॅगचे बिल माझ्याकडे आहे. तुम्हाला हा डंपर आपलाच असे वाटले, तर वाघोलीत काचवाल्याच्या दुकानात निरोप ठेवा. मी येऊन बिल दाखवीन.

वाघोलीचा एक रहिवासी